रंगांच्या सामानात आधी कागद पाहा

सुट्टी लागली की जलरंगाचे वर्ग सुरू होतात आणि पहिल्याच दिवशी मुलगी सामानाची लांबलचक यादी घेऊन घरी येते. चोवीस रंगांची पेटी, डझनभर ब्रश, पॅलेट, ईझल. यादी पाहून अब्बा गप्प होतात, अम्मी म्हणते, ‘‘बेटा, घरात आहे त्यावर भागव.’’ मग जुनी ड्रॉइंगची वही आणि भावाच्या एलिमेंटरी परीक्षेतून उरलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या तिच्या हातात पडतात. आठवड्यात ती सांगते, ‘‘मला नाही जमत.’’ तिचा हात चांगला असतो, दोष बहुधा कागदाचा असतो. म्हणून यादीतले काय घ्यावे आणि काय खुशाल गाळावे, ते आम्ही सांगतो.

ड्रॉइंगच्या वहीचा कागद पेन्सिलीसाठी असतो. पाणी पडले की तो फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि ब्रश दोनदा फिरवला की लव निघू लागते. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद मागावा. पृष्ठभाग किंचित खरखरीत हवा. दुकानात त्याला ‘कोल्ड प्रेस’ म्हणतात. निव्वळ कापसाचा कागद उत्तम, पण महाग. सरावाला साधा लगद्याचा चालेल, मात्र वजनात तडजोड नको. पॅडऐवजी मोठा ताव घेतला तर बहुधा स्वस्त पडतो. २२ बाय ३० इंचांच्या तावाचे ११ बाय साडेसातचे आठ तुकडे होतात, आणि चित्र बिघडले तर मागची बाजू आहेच.

हातकागद घ्यायचा झाला तर आपल्याकडे त्याची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच तिथल्या कागज करणाऱ्या कागजी कुटुंबांवरून पडले. पण कोणताही हातकागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच जिरला तर खळ कमी आहे. त्यावर लिहिणे-छापणे होईल, जलरंग पसरणार नाही.

रंगांची चोवीसची पेटी आम्हाला कधीच पटलेली नाही. विद्यार्थी दर्जाच्या सात ट्यूब पुरतात: लेमन यलो, गॅम्बोज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला की पानांचा हिरवा, क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन घातला की पिकल्या जांभळाचा रंग. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून असा सुरेख करडा होतो की काळ्याची गरज उरत नाही. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. पोस्टर कलर वेगळा. तो झाकतो, जलरंगातून मात्र खालचा कागद दिसायला हवा. ट्यूबमधला रंग ताटलीत वाळला तर फेकू नये. त्यात डिंक असतो, पाण्याने तो पुन्हा सुटतो.

ब्रशाबाबत घराघरांत एक शंका असते, तो कोणत्या प्राण्याच्या केसांचा? डुकराच्या केसांचे ब्रश मिळतात, त्यांना हॉग किंवा ब्रिसल म्हणतात. पण ते ताठ असतात आणि मुख्यतः तैलरंगासाठी वापरतात. जलरंगाला पाणी धरून ठेवणारा मऊ ब्रश लागतो, तेव्हा त्यांचा इथे प्रश्नच येत नाही. नव्याने शिकणाऱ्याला नायलॉनचा, म्हणजे सिंथेटिक ब्रश छान चालतो आणि स्वस्तही असतो. गोल ४ आणि ८ नंबर, शिवाय एक इंचाचा चपटा, बस. दुकानात पाणी मागून गोल ब्रश बुडवावा आणि झटकावा; टोक सुईसारखे जुळले तरच घ्यावा. रात्रभर पाण्यात उभा ठेवला तर हेच टोक कायमचे वाकते.

बाकीचे घरातच सापडते. पॅलेटऐवजी पांढरी चिनीमातीची ताटली, पाण्यासाठी लोणच्याच्या दोन बरण्या (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याची), टिपायला जुन्या सुती ओढणीचा तुकडा. ईझल तर नकोच. त्यावर कागद उभा राहतो आणि नवख्या हाताचा ओला रंग खाली ओघळतो. परीक्षेचे पॅड टेबलावर ठेवून एका बाजूला पुस्तकाचा टेकू द्यावा आणि कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने चिकटवाव्यात. चित्र पूर्ण वाळेपर्यंत टेप काढू नये. यातून वाचलेल्या पैशांत आणखी एक ताव आणावा.