गोंधळ आणि गाणे

उत्तम गाणे शिस्तीतून नव्हे, तर गोंधळातून जन्मते, असे मत अलीकडे आमच्या गायकवृंदातील तरुण मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकू येते. सरावास उशिरा येणाऱ्यांना ते विशेष पटते, हेही नमूद केले पाहिजे. दाखले दिले जातात ते परदेशी रॉक-वाद्यवृंदांचे. वाचकहो, ते आपण अवश्य तपासू. परंतु आधी आपल्याच रस्त्याकडे पाहू.

सिमरोलवरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकास इंदूर व दुसऱ्या टोकास खंडवा. १९२९ साली ४ ऑगस्टला खंडव्यास किशोरकुमार जन्मले आणि २८ सप्टेंबरला इंदुरास लता मंगेशकर. लताबाई गीताचे शब्द स्वहस्ते उतरवून घेत व अनवाणी उभ्या राहून गात. किशोरकुमारांची तऱ्हा अगदी उलट. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते नकला करून इतके हसवीत की गाणे अवघड होई, असे लताबाई स्वतःच सांगत. त्यांनी शास्त्रोक्त शिक्षण घेतले नव्हते. ‘हाफ तिकीट’ (१९६२) या चित्रपटातील एका युगलगीतात स्त्री व पुरुष हे दोन्ही आवाज त्यांनी एकट्यानेच दिले. अशी कल्पना शिस्तप्रिय डोक्यास सहसा सुचत नाही, हे आम्हांस मान्य आहे.

तथापि हे बागडणे कशाच्या आधारावर चाले? त्या काळी गायक व सारे वादक यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. एका व्हायोलिनवादकाचा सूर चुकला, तरी सर्वांना गाणे पुन्हा आरंभापासून घ्यावे लागे. या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती बंधू पुष्कळ होते. चर्चच्या शाळांतून ते बालपणीच स्वरलिपी वाचावयास शिकले होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे कुशल संयोजक वाद्यांचे भाग कागदावर लिहून देत. इतकी माणसे त्या कागदांवर दृष्टी खिळवून बसलेली असत, म्हणूनच एकास खोड्या परवडत. त्या वादकांची नावे मात्र तबकड्यांवर क्वचितच छापली गेली.

आता परदेशी दाखला. बीटल्स मंडळींनी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात आपल्या पहिल्या तबकडीसाठी दहा गाणी मुद्रित केली; कारण लिव्हरपूल व हँबुर्ग येथील क्लबांतून रात्री-रात्री वाजवून त्यांचे हात तयार झाले होते. जानेवारी १९६९ मध्ये तीच मंडळी फारशी पूर्वतयारी न करता जमली. भांडणे झाली, जॉर्ज हॅरिसन काही दिवस उठून गेले, आणि ते काम तबकडीरूपाने बाहेर पडावयास मे १९७० उजाडला. मधल्या काळात त्यांनी आपले जुने निर्माते जॉर्ज मार्टिन यांस बोलावले. पूर्वीच्या पद्धतीने काम करणार असाल तरच येतो, अशी त्यांची अट होती. त्यातून ‘ॲबी रोड’ ही तबकडी सिद्ध झाली. आमच्या कानांस तीच सरस वाटते.

त्या जानेवारीतही काही अप्रतिम गाणी निघाली, हे खरे. पण ती गोंधळामुळे निघाली, की लेनन व मॅककार्टनी १९५७ पासून एकत्र वाजवीत होते म्हणून? आमच्या तरुण मित्रांनी याचे उत्तर येत्या सरावास येऊन द्यावे. वेळेवर आल्यास अधिक बरे.