जुन्या अंथरुणाचे मोल

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु ते अंथरूण विरले म्हणजे त्याचे काय करावे, याचा विचार हल्ली फारसे कोणी करीत नाही. चादर मध्ये फाटली की ती कचऱ्याच्या गाडीत जाते व नवी घरात येते. ही रीत मला योग्य वाटत नाही.

वस्तुतः चादर सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे अंग घासते तो मधला भाग विरतो. कडा मजबूत राहतात. लुगडे विरले म्हणजे आपल्या आज्या विरलेला भाग कापून धड भाग एकमेकांस जोडीत. यालाच दांड घालणे म्हणतात. चादरीसही तीच युक्ती लागू पडते. ती मधोमध उभी फाडावी, धड कडा मध्ये आणून जोडाव्यात व विरलेल्या बाजू कडेला दुमडून शिवाव्यात. पुढे तीही टिकेनाशी झाली, तर तिचे उशीचे अभ्रे होतात, तान्ह्या मुलाची दुपटी होतात आणि अखेरीस पोतेरे होते.

या सर्व उपयोगांत गोधडी श्रेष्ठ होय. जुनी लुगडी, धोतरे व चादरी थरावर थर मांडून, कडेपासून आत धावदोरा घालीत गेले म्हणजे गोधडी सिद्ध होते. थरांत कोंडलेली हवा ऊब राखते, आणि अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड बाळाच्या अंगास टोचत नाही. बंगालातील कांथा व उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंद ही हिचीच भावंडे. ठिगळांचे वस्त्र पांघरणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांस तर लोक गोधडे महाराज म्हणत.

कोणी म्हणेल, ‘कापड आता स्वस्त झाले, हा कंजूषपणा कशास?’ परंतु कंजूष मनुष्य वस्तू साठवितो, काटकसरी ती वापरतो. कापडाची किंमत दुकानात थोडी असली, तरी कपाशीस लागलेले पाणी व शेतकऱ्याचे श्रम थोडे नसतात. अर्थात विवेक हवाच. बुरशी धरलेली गादी किंवा सांसर्गिक रोग्याचे अंथरूण यांचा मोह धरू नये. तसेच जे आपण स्वतः पांघरणार नाही, ते फाटके वस्त्र गरिबास देऊन त्यास दान म्हणू नये. धुवावे, शिवावे आणि मगच द्यावे.

आमच्या घरी आजीने शिवलेली एक गोधडी आहे. आजी गेल्यानंतर तिचा एक कोपरा उसवला. घरात शिकलेली माणसे पुष्कळ, परंतु तिच्यासारखा टाका घालणारे कोणीच नव्हते. आजी होती तोवर आम्ही मुलगे केवळ तिची सुई ओवून देत असू; शिवणे हे आपले काम नव्हे, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हे तो कोपरा मला रोज सांगतो.

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींनो, येत्या सुटीत घरातील एखादी विरलेली चादर घेऊन आजीजवळ बसा व तिचा टाका शिकून घ्या. आणि पालकांनो, हे काम केवळ मुलींकडे सोपवू नका. ऊब मुलांनाही लागते. मग सुई त्यांच्याही हाती असावी.