मतांपुरते बंधू

निवडणूक आली की अरण्यातील बंडखोर आमच्या पुढाऱ्यांस एकाएकी बंधू वाटू लागतात, आणि मतपेट्या उघडल्या की तेच बंधू दरोडेखोर ठरतात. या लहरीपणास धोरण म्हणण्याची चाल पडली आहे. संयुक्त आंध्र प्रदेशाचा इतिहास ज्याने पाहिला तो तरी तसे म्हणणार नाही.

१९८२ साली एन. टी. रामाराव यांनी तेलुगु देसम पक्ष काढला व प्रचारात नक्षलवाद्यांना देशभक्त म्हणून गौरविले. १९८३ साली सत्ता हाती आली, आणि थोड्याच वर्षांत त्याच राजवटीबद्दल ‘आटा, माटा, पाटा बंद’ हे शब्द तेलंगणात रूढ झाले. खेळ, भाषण, गाणे, सारेच बंद! १९८९ अखेर काँग्रेसचे चेन्ना रेड्डी आले. त्यांनी दोर सैल सोडला. १९९२ साली त्यांच्याच पक्षाच्या सरकारने पीपल्स वॉर ग्रुपवर बंदी घातली. पुढे रामाराव परतले, बंदी उठली. १९९६ साली त्यांच्याच जावयाने ती पुन्हा आणली. पक्ष बदलले, खेळ तोच.

राजधानीत हा खेळ घोषणांचा असतो, गावात तो जिवावर बेततो. जेथे दिवसा पोलीस व रात्री दलम येते, तेथे पंचायतीच्या उमेदवारास निवडणूक अधिकाऱ्याच्या परवानगीने भागत नाही. काळोख पडल्यावर निरोप जातो. पैसा, औषधे, निदान मौन तरी देऊ करावे लागते. मोबदल्यात प्रतिस्पर्ध्याची जीप वेशीशीच अडते. तेंदूपत्त्याचा ठेकेदार मध्ये असतोच (तो दोन्हीकडे भरणा करतो आणि दोन्हीकडे सभ्य गणला जातो). निवडून आलेला पुढारी शहराकडे वळतो. मागे राहतो तो गावकरी, आणि त्यालाच पोलीस दरडावतात, “त्यांना जेवू कोणी घातले?”

म्हणून बंडखोरांशी बोलूच नये, असे आमचे म्हणणे नव्हे. बोलावे, पण उजेडात. डिसेंबर १९८७ मध्ये पूर्व गोदावरीतील गुर्तेडू येथे नक्षलवाद्यांनी पळवून नेलेल्या सनदी अधिकाऱ्यांत एस. आर. शंकरन होते. ओलीस राहिलेला हा मनुष्य सूड मागत फिरला नाही. १९९७ पासून एका नागरिक समितीचे नेतृत्व करून त्याने सरकार आणि नक्षलवादी या दोघांसही हिंसेचा जाब विचारला. ऑक्टोबर २००४ मध्ये हैदराबादेत ज्या उघड वाटाघाटी झाल्या, त्यांमागे या समितीची अनेक वर्षांची खटपट होती. राजशेखर रेड्डी यांनी त्यांचे वचन निवडणुकीत दिले होते, परंतु वचनापलीकडची सिद्धता कोणाची होती? सरकार म्हणे शस्त्रे, ते म्हणत जमीन. जानेवारी २००५ मध्ये सारे मोडले.

बंदूकधाऱ्यांचा कैवार आम्ही घेणार नाही. १९९९ साली विधानसभेचे माजी अध्यक्ष श्रीपाद राव यांना त्यांनी ठार केले. २००० साली माधव रेड्डी यांची मोटार सुरुंगाने उडविली, आणि हे गृहस्थ पंचायत राज्याचे मंत्री होते! १५ ऑगस्ट २००५ रोजी, ज्या नारायणपेठेचे नाव आमच्या भगिनींना लुगड्यामुळे ठाऊक आहे, त्या गावी आमदार नरसी रेड्डी यांची पुत्रासह हत्या झाली. दोन दिवसांत बंदी परत आली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तेलंगणाचाच मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. दलमचा धाक ओसरत असताना त्या जिल्ह्यातील मतदारांनी, पंचायतीचे असो वा जिल्हा परिषदेचे, प्रत्येक उमेदवारास भरसभेत विचारावे की इतकी वर्षे रात्रीचे निरोप कोणाहाती जात होते, आणि ठेकेदाराकडून निघालेल्या पैशातील आपला वाटा किती.