रात्र आपली, मग दिवस कुणाचा?

राजापेठेतल्या आमच्या गटातली एक बाई कविता लिहिते. दिवसा चार घरचा स्वयंपाक करते. "लिहितेस केव्हा?" असं विचारलं, तर म्हणाली, "दिवसभर मी साऱ्यायची असतो ताई. सारे निजले का मंग मी मायी होतो." बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

रात्रीच्या शांततेत प्रतिभा फुलते, असं आपण नेहमी वाचतो. ते खोटं नाही. पण नावाजलेला लेखक रात्र निवडतो. बाईच्या वाट्याला ती उरते. भांडी घासून, दही विरजून, उद्याची भाजी निवडून झाल्यावर. त्यातही "लाइट कायले जाळतं?" एवढ्या एका प्रश्नाने कविता अर्धी राहते. आणि पहाटे पाचला पुन्हा उठायचं असतंच. आमची ही मैत्रीण गेले दोन महिने लिहीत नाही. डोकं दुखतं, म्हणते. झोप कमी पडते, हे तिला कुणी विचारलंच नाही.

आपल्या आज्यांचंही हेच होतं. घर झोपेत असताना, कोंबडं आरवण्याआधी त्या जात्यावर बसायच्या आणि गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर गोळा करवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे. एवढं मोठं काव्य रचणाऱ्या बायकांना कवी कुणी म्हटलं नाही. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण वाचलेला वेळ बाईच्या हाती आला नाही. दुसऱ्या कामांनी तो गिळला. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७.

बेबीताई कांबळे यांनी आपलं लेखन घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपात आलं. म्हणजे अडचण फक्त वेळेची नाही. बाईने स्वतःसाठी बसावं, हेच घराला खपत नाही.

म्हणून रात्रीचं कौतुक करताना जपून करू या. "बायका कशाही वेळ काढतात" हे म्हणणं गोड वाटतं, पण त्यातून घरच्यांची सुटका होते. झोप मोडून लिहिणं हा त्याग नाही, ती आपल्यावर आलेली पाळी आहे.

आमच्या गटाने ठरवलंय : दर शनिवारी दुपारी दोन तास लिहिण्या-वाचण्याचे. दोघीजणी आळीपाळीने मुलं सांभाळतील. त्या दिवशीचा संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करायचा. पहिल्या शनिवारी पाचजणी आल्या, दोघींच्या घरी भांडण झालं. तरी पुढच्या शनिवारी बसणार आहोत. त्या मैत्रिणीसाठी वही घेऊन ठेवली आहे.

तुमच्या गटात दिवसाचे असे दोन तास कुणाकडून, कसे मिळवता येतील? नक्की बोला.