त्यागाचा हिशोब मांडू या

मैत्रिणींनो, त्याग आणि सत्ता यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. जो सोडतो त्याला लोक मानतात, असा नियमच आहे. आपल्या मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. त्यांनी तुरुंगवास भोगला. लोकांनी त्यांचा शब्द मानला, त्यांना लोकसभेत पाठवले. १९९४ साली नांदेडला झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा नियम बाईला का लागू होत नाही?

पुरुषाने घर सोडले की तो त्याग. बाईने घर ओढले की ते कर्तव्य. त्याचा त्याग ठेवीसारखा असतो, त्यावर मान, पद, सत्ता असे व्याज मिळते. तिचा त्याग रोजच्या भाकरीत संपून जातो.

रमाबाई आंबेडकरांना आपण ‘त्यागमूर्ती’ म्हणतो. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्यांनी दारिद्र्यात संसार केला, मुले गमावली. १९३५ साली त्या गेल्या. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण एखाद्या कार्यकर्तीला ‘तू मागेच राहा’ हे सांगण्यासाठी जेव्हा त्यांचे नाव घेतले जाते, तेव्हा माझा विरोध आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीबाई गेल्या, हेही आपण सांगतो. मात्र १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी स्वतः धरले, १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या, हे सांगायचे राहून जाते.

सरकारही याच समजुतीवर चालते. अंगणवाडी योजना १९७५ पासूनची. तरी सेविकेला पगार नाही, ‘मानधन’. तिचा ग्रॅच्युइटीवर हक्क आहे, हे ठरायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले.

परभणी जिल्ह्यात गावोगाव फिरताना मी पाहते. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. पण सरपंचबाईने सहीआधी कागद वाचायला मागितला, की ‘सत्ता डोक्यात गेली’. न वाचता सही केली, की ती घरंदाज.

आपल्या संघटना तरी वेगळ्या आहेत का? सतरंज्या कोण उचलते, आणि बँकेच्या कागदांवर सही कोणाची असते?

त्यागाशिवाय चळवळ कशी चालेल, असे कोणी म्हणेल. चालणार नाही, मान्य. पण जिला ‘नाही’ म्हणता येते तिच्याच देण्याला त्याग म्हणावे. बाकी सगळी वेठ. म्हणून कार्यकर्तीचा प्रवासखर्च आणि मोबदला बैठकीत उघडपणे ठरवू या. पदे आळीपाळीने फिरवू या. बैठकीच्या वेळी मुले सांभाळायची सोय करू या. आणि पद मागणाऱ्या बाईला हावरी म्हणणे आधी आपण थांबवू या.