ताप उतरेल त्या दिवशी ये!

आपण डॉक्टर कसा निवडतो? खरं खरं सांगा! मोबाइलवर ‘जवळचं क्लिनिक’ टाकतो, स्टार्स मोजतो, एसी आहे का, पार्किंग आहे का, ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळते का ते बघतो. थोडक्यात काय, तर कॅफे निवडतो तसंच! मीही याच पंथातली. म्हणजे, गेल्या ऑगस्टपर्यंत होते.

झालं असं, की एका सोमवारी संध्याकाळी अंगात कणकण आली. मंगळवारी ताप १०३. बुधवारी एक फीचर द्यायचं होतं. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, हे रडगाणं या कॉलममध्ये तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. तर मी तडक कोपऱ्यावरच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये गेले. काचेचं दार, रिसेप्शनवर हसरी मुलगी, पाच मिनिटांत नंबर. मी एकदम इम्प्रेस!

‘‘काय होतंय?’’

‘‘ताप. उद्या डेडलाइन आहे डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या.’’

त्यांनी दिलं. एक इंजेक्शन आणि कागदी पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती, तिचं वेटिंगही फारसं झालं नाही. रात्री दरदरून घाम येऊन ताप उतरला. ‘सही डॉक्टर आहे यार,’ असा मेसेजही मी रूममेटला टाकला. पहाटे पुन्हा १०३.

बुधवारी आमच्या घरमालकीण काकूंनी मला जवळजवळ ओढतच त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या मागे असतो तसा गाळा. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला किराणा. आत दोन बाकडी, एक कुरकुरता पंखा आणि पंधरा-वीस पेशंट. नंबरबिंबर काही नाही. आत शिरताना ‘‘शेवटचं कोण?’’ असं विचारायचं आणि ती व्यक्ती लक्षात ठेवून बसायचं. मी एक तास दहा मिनिटं बसले आणि मनातल्या मनात काकूंचा उद्धार केला. सॉरी काकू!

‘‘काय गं, ताप कधीपासून? सोमवारी सकाळी की संध्याकाळी? डोळ्यांच्या मागे दुखतंय? काल दिवसभरात लघवीला किती वेळा गेलीस?’’

असे प्रश्न मला आजवर कुणी विचारलेच नव्हते. बोलता बोलता त्यांनी नाडी बघितली, प्रेशर घेतलं, हातावर पुरळ आहे का ते पाहिलं. मग मी ती पुडी टेबलावर ठेवली.

‘‘यात काय आहे?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘इंजेक्शन कसलं दिलं?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘चिठ्ठी?’’

चिठ्ठी नव्हतीच. ‘‘टॉप घेताना लेबल बघतेस ना?’’ ते म्हणाले. मी गप्प! डेंग्यूची शंका असताना काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, हे त्यांनी मला अगदी साध्या शब्दांत सांगितलं. पुडी बाजूला ठेवली, रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंग्यू.

‘‘पॅरासिटॅमॉल, भरपूर पाणी, ओआरएस. आणि ताप उतरेल त्या दिवशी ये.’’

‘‘उतरल्यावर कशाला?’’

‘‘तेव्हाच बघायचं असतं. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्री-अपरात्री निघायचं. माझी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल!’’

शुक्रवारी सकाळी ताप गायब. ९८.४! मी खूश होऊन लॅपटॉप उघडला. रखडलेलं फीचर संपवायचं होतं. बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं? दुपारी उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. एरवी मी ‘ॲसिडिटी’ म्हणून आडवी झाले असते. पण ते वाक्य डोक्यात अडकलं होतं. गेले. प्रेशर खाली, प्लेटलेट्स खाली. त्यांनी केसपेपरमागे बुधवारपासूनचं सगळं लिहून हातात दिलं आणि काकूंबरोबर हॉस्पिटलला पाठवलं. तीन रात्री सलाईनवर काढल्या. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला रक्तवाहिन्यांमधून पाणी पाझरून प्रेशर कोसळू शकतं, हे मला तिथे कळलं. ॲडमिट करणाऱ्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी नीट वाचली, मग विचारलं, ‘‘मंगळवारचं इंजेक्शन कसलं होतं?’’ याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर पत्रकारितेचा किडा वळवळलाच. ‘बीएमजे ओपन’ या जर्नलमध्ये २०१७ साली ६७ देशांचा एक आढावा आला होता. प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा साधारण दोन मिनिटांचा. म्हणजे मंगळवारी माझ्या वाट्याला आलं ते अगदी ॲव्हरेजच होतं!

त्याच जर्नलमध्ये २०१८ साली आलेला दुसरा आढावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुन्हा पुन्हा त्याच डॉक्टरकडे जाण्याने काय फरक पडतो, यावरचे २२ अभ्यास त्यात तपासले होते. त्यातल्या १८ अभ्यासांत असं दिसलं, की एकच डॉक्टर धरून राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, मान्य. पण आपल्या आज्या ‘हाताला गुण आहे’ म्हणायच्या, त्यात ओळखीचा वाटा बराच असणार!

आमचे डॉक्टर परफेक्ट आहेत असं मुळीच नाही. अक्षर भयानक आहे. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. तासभर ताटकळायला लागतं. तिकडे चकाचक क्लिनिकमध्येही उत्तम डॉक्टर असतात, आणि इकडे गाळ्यात बसून दिसेल त्याला सुई टोचणारेही असतात. मुद्दा एसीचा नाहीच. डॉक्टरने विचारलं का, तपासलं का, लिहून दिलं का आणि पुन्हा कधी यायचं ते सांगितलं का? चांगली सेवा मी आता या चार प्रश्नांवर मोजते.

आणि आपलं काय? ‘स्ट्राँग द्या’ कोण म्हणालं होतं? मीच. इंजेक्शन दिलं नाही तर ‘डॉक्टरला काही कळत नाही’ म्हणून दुसरीकडे जाणारेही आपणच. ऑफिसचं मेडिक्लेम कार्ड खिशात असणाऱ्यांना वाटतं, आपल्याला फॅमिली डॉक्टरची गरज काय? पण बऱ्याचशा पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच कामाला येतात. ॲडमिट व्हायची वेळ आली आहे हे ओळखणारा माणूस पॉलिसीत मिळत नाही!

तेव्हा थोडी दादागिरी आपणही करायची. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे फी बोर्डावर लावायला हवी. पेशंटने आपले वैद्यकीय कागद मागितले तर ७२ तासांत द्यायला हवेत. दुसरीकडे पेशंट पाठवून कमिशन घ्यायला मनाई आहे. २०१६ पासून तर औषधांची जेनेरिक नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायची आहेत. (आमचे डॉक्टर, ऐकताय ना?) भांडायचं नाही, पण ‘‘लिहून देता का प्लीज?’’ एवढं तर विचारता येतं. मी त्या मंगळवारी विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या गाळ्यात गेले. ठणठणीत असताना!

‘‘आता काय झालं?’’

‘‘काही नाही. केसपेपर पूर्ण करायचाय.’’

त्यांनी चष्मा वर केला आणि विचारायला सुरुवात केली. बाबांना शुगर कितव्या वर्षी निघाली? आईचं प्रेशर? कुठल्या औषधाची ॲलर्जी? झोप? जेवणाच्या वेळा? सहा वर्षं या शहरात राहतेय, पण हे सगळं एका कागदावर पहिल्यांदाच आलं. डॉक्टर सत्तरीला टेकलेत. मुलगा रेडिओलॉजिस्ट आहे, तो काही या खुर्चीत बसणार नाही. पुढे हे केसपेपर कोण वाचणार, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या दिवशी माझा नंबर यायची वाट बघत होते, तेव्हा गळ्यात आयडी कार्ड अडकवलेला एक मुलगा आत आला. तापाने डोळे लाल, कानाला फोन. गर्दी बघून मागे फिरणार, तेवढ्यात मी बाकावर थोडी सरकले.

‘‘बसा,’’ म्हटलं. ‘‘शेवटची मी आहे.’’