गोधडी शिवावी, पण स्वतःसाठी

मन शांत राहावं म्हणून हातकाम करा, असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. आपल्या वस्तीत तो ऐकला की हसू येतं. आपल्या आयाबायांचे हात रिकामे होते कधी? राख्या बनवणं, मणी ओवणं, कपड्यांना बटणं लावणं, या डझनाच्या कामासाठी त्या रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यातून मान आखडते, डोळे चुरचुरतात. शांती मिळत नाही.

जातीने लादलेलं हातकामही आपल्या पिढ्यांनी सोसलं आहे. जातिव्यवस्थेत कामाची निवड माणसाच्या हाती राहत नाही आणि अशा कामात मन लागत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये मांडलं. म्हणून आमचं म्हणणं एवढंच की, हातकामाने मन निवतं, पण ते काम आपण निवडलेलं असेल तर.

गोधडीचंच घ्या. जुनी लुगडी, विरलेल्या साड्या एकावर एक अंथरायच्या आणि धावदोरा घालत जायचं. एकसारखे टाके घालताना नजर नि बोटं एका जागी राहतात, श्वास संथ होतो, कालचं भांडण मागे पडतं. शेजारणी ओट्यावर एकत्र बसल्या तर मनातलं बोलूनही होतं. खर्च सुई-दोऱ्याचा. ना मुकादम, ना मुदत.

रोज अर्धा तास पुरे. दिवसाउजेडी बसा, पाठ भिंतीला टेका, मध्येच उठून मान-खांदे मोकळे करा. तेवढ्या वेळात घरच्यांनी हाक मारू नये. चहा पुरुषांनी टाकावा. सुई मुलग्यांच्याही हाती द्यावी.

मात्र गोधडी हे औषध नव्हे. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आपल्या आयाबायांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शिवलं. आता एक गोधडी त्यांनी स्वतःच्या मनासाठी शिवावी. तेवढा वेळ त्यांना मिळवून देणं हे साऱ्या घराचं काम आहे.